डचेसची साक्ष

विरोधकाला कोंडीत कसं पकडायचं, हे मला कुणी शिकवायला नको! मी सेप्टिमस ओल्डेकर, सॉमरसेटचा खासदार. आमच्याकडचं चीज घोडागाडीने लंडनला पोचेपर्यंत इतकं पिकायचं, की घोडेसुद्धा तोंड फिरवायचे. व्यापार बसत चालला होता. म्हणून ब्रिस्टलपर्यंत आलेली रेल्वे आमच्या गावापर्यंत आणायचं विधेयक मी पार्लमेंटात आणलं.

रूळ जाणार होते सर पेरेग्रीन थॅकवेल यांच्या कुरणातून. त्यांनी विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे हरकत घेतली, की इंजिनाच्या धडधडाटाने कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील. झालं! सगळे सभासद गंभीर झाले. प्रत्येकाला सकाळी न्याहारीला अंडं लागायचं.

मी ठरवलं, साक्षीला कोंबडीच उभी करायची. माझ्या बायकोची, हॅरिएटची, डचेस नावाची काळी स्पॅनिश कोंबडी रोज न चुकता अंडं घालायची. तिला रेल्वेने लंडनला न्यायचं आणि समितीसमोर टोपली उघडायची.

"अहो, लोकांनी तुम्हाला निवडून दिलंय," हॅरिएट म्हणाली, "माझ्या कोंबडीला नाही."

शेवटी तीच टोपली मांडीवर घेऊन निघाली. ब्रिस्टलहून गाडी सुटली. निवडणूक झाल्यावर मतदार बघतात तशी डचेस वाटभर माझ्याकडे बघत होती.

समितीपुढे मी व्यापारावर दणदणीत भाषण ठोकलं आणि झाकण काढलं. डचेस टुणकन टेबलावर आली, रेल्वेच्या नकाशावरून चालत गेली, मधोमध आपलं मत टाकलं आणि सर पेरेग्रीन यांच्या उलट्या ठेवलेल्या रेशमी हॅटमध्ये जाऊन बसली. ते हात घालणार तोच अध्यक्ष कडाडले, "साक्षीदाराला हात लावायचा नाही!"

सगळे सभासद हॅटवर वाकले. हॅरिएटने डोळे मिटून घेतले. मग डचेस उठली, ओरडली, आणि हॅटमध्ये अंडं!

टाळ्यांनी दालन दणाणलं. मी वाकून वाकून मान हलवत होतो, तेवढ्यात सर पेरेग्रीन उठले. अगदी गोड आवाजात म्हणाले, "आमची हरकत मागे. ओल्डेकरसाहेबांच्या कोंबड्यांना गाडीचं एवढं वावडं नसेल, तर रूळ त्यांच्याच परसातून का नेऊ नयेत? जमीनही सपाट आहे."

रेल्वेच्या इंजिनिअरने नकाशा पुसला, बोट फिरवलं आणि मान डोलावली. माझंच विधेयक, मलाच विरोध करता येईना! एकमताने मंजूर.

परतीच्या प्रवासात हॅरिएट डचेसशीच बोलत होती.

आता आमचं चीज ताजंताजं लंडनला पोचतं. माझ्या खिडकीखालून दिवसभर गाड्या जातात आणि लोक माझा जयजयकार करतात. फक्त एक गोष्ट आपल्यातच ठेवा, सर पेरेग्रीन यांच्या कानावर जाता कामा नये. पहिली गाडी धावली त्या दिवसापासून डचेसने एकही अंडं घातलेलं नाही.