साल्चेनी नगराचे वयवर्धन

साल्चेनी या नगराचा पहिला लिखित उल्लेख इ. स. १५२६ च्या एका अर्जात आढळतो, हे सिद्ध करण्यात इतिहासकार सेवेर द्रागोता यांची एकतीस वर्षे गेली. शेजारच्या प्लोपित्साने नुकताच आपला सहाशेवा वर्धापनदिन साजरा केला होता; त्यामुळे हा शोध साल्चेनीत अपमान म्हणून स्वीकारला गेला.

सेवेर नगराध्यक्षपदासाठी उभे राहिले ते निराळ्याच कारणाने. त्यांच्या गल्लीतल्या वेतुरियामावशी ऐंशीव्या वर्षीही विहिरीवरून बादल्या वाहत.

"हिवाळ्याआधी तुमच्या दारात नळ येईल, मावशी."

"गावाला प्लोपित्साहून धाकटं करून ठेवलंयस. तुला मत कोण देणार, बाबा?"

तेव्हा सेवेर यांनी प्रचारफलकावर 'इ. स. १५२६ च्या पूर्वीपासून' असे लिहवून घेतले. हे निर्विवाद सत्य होते. अर्ज करण्यापूर्वी अर्जदार अस्तित्वात असणे आवश्यकच असते. ते निवडून आले. पूर्वीपासून म्हणजे नेमके केव्हापासून, हे ठरवण्यास समिती बसली. तिने प्लोपित्साचे वय विचारात घेऊन सातशे वर्षे निश्चित केली. प्लोपित्साने तत्काळ हजार केली. अखेर, विरुद्ध पुरावा उपलब्ध नसल्याच्या आधारे, सेवेर यांनी दोन सहस्र वर्षांच्या ठरावावर स्वाक्षरी केली.

जलवाहिनीसाठी पहिली कुदळ पडावयाची, त्याच सकाळी पुरातत्त्व कार्यालयाचे पत्र आले. इतक्या प्राचीन वसाहतीत परवान्याविना खड्डा खणण्यास मनाई होती. परवान्यास अकरा वर्षे लागणार होती.

नगरदिनी, निखाऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या मिच या खिम्याच्या कबाबांच्या धुरात, सेवेर यांनी मूळ अर्ज सर्वांसमक्ष वाचला: 'आम्ही साल्चेनीकर पाण्यासाठी दोन कोस चालतो. विहीर मिळावी.'

"आपलं गाव पाचशे वर्षांचंच आहे," ते म्हणाले. "ठराव मागे घेतला, तर उद्या नळाचं काम सुरू होईल. हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"मावशी, निदान तुम्ही तरी?"

"अरे, पाण्यावाचून पाचशे वर्षं काढली आपण," मावशी पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "प्लोपित्सावाले हसले, तर एक दिवस काढवणार नाही."

त्या दिवशी मावशींची बादली नगराध्यक्षांनी स्वतः वाहून नेली. लोकांनी तीत दोन सहस्र वर्षांची परंपरा ओळखली आणि पुढच्या निवडणुकीत त्यांना संसदेत धाडले.

वाचकाने हसण्यापूर्वी आपल्या गावच्या प्रवेशकमानीवरचा आकडा आठवावा, आणि मग स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहावा.