मगदूम सरांची तबकडी

मगदूम सर कुणाकडे चहाला गेले की कप उचलण्याआधी खिशातली कानस काढत. दाराची कडी, खुर्चीचा पाय, नव्या पातेल्याचा काठ, जे हाताशी येईल त्यावर ती हळूच ओढत आणि म्हणत, "मऊ हाय." आमच्या नव्या कुकरवर ओरखडा उठला तेव्हा बायको उखडली ती माझ्यावरच.

सर सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि मुलगी बेबी. धातूचा वरचा थर कठीण कसा करावा, याखेरीज सरांना विषय नव्हता. पावसाचं विचारलं तरी गाडी टायटॅनियमवर. "लोखंडापेक्षा किती हलकं! गंज म्हणून न्हाई. पण घासलं की झिजतंय. त्याला लेसर पायजे बघा, लेसर!"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. लेसर सोडाच, सांगलीत संध्याकाळभर वीज टिकली तरी आम्ही खूश असायचो. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत सर बेंगलोरच्या एका प्रयोगशाळेत गेले आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची तबकडी घेऊन परतले. नायट्रोजनच्या झोतात तिच्यावर लेसरचा किरण रेघेरेघेने फिरवला होता, दोन्ही बाजूंनी. करडा धातू सोन्यासारखा पिवळा झाला होता. "लावा कानस!" सर गल्लीत प्रत्येकाला म्हणत. झिजायची ती कानसच.

बेबीचं लग्न फलटणला ठरलं होतं आणि ही तबकडी तिच्या रुखवतात ठेवायची होती. लग्न उद्यावर आलं तेव्हा बाकीच्या भांड्यांबरोबर सर तीही नाव घालायला घेऊन गेले. मी सोबत होतो. रुखवतातल्या भांड्यावर नाव हवंच, नाहीतर सासरच्या मांडणीत आपलं कुठलं ते कळत नाही. नाव घालणाऱ्या म्हाताऱ्याने छिन्नी ठोकली. टोक उडालं. दुसरीचंही तेच.

"आवं सर, हे काय आणलंय? ह्याच्यावर नाव न्हाई उठत."

मला हसू आवरेना. एवढा विद्वान माणूस, आधी नाव घालून मग कडक करावं हे सुचलं नाही! सर हसले नाहीत. "नावाबिगर कसं द्यायचं?" एवढंच म्हणाले, तडक कॉलेजात गेले आणि हिऱ्याच्या चाकावर मधल्या भागावरचा कठीण थर स्वतः घासून आले. सोनेरी तबकडीवर बोटभर करडा पट्टा. मला फार वाईट वाटलं.

"आता उठंल," म्हातारा म्हणाला. "पण कुठलं घालू? बाकी समद्यांवर फलटणवाल्यांनी ठेवलेलं नवं नाव घातलंय, सौ. सुप्रिया."

सर त्या पट्ट्यावर अंगठा फिरवत राहिले.

"ह्याच्यावर बेबी घाला," ते म्हणाले. "तिकडं तिला तशी हाक कोण मारणार हाय?"