रहबरांची तरबियत आणि तुळजाबाईंची म्हैस

निजामसरकारच्या अमदानीत बीडच्या एका मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, एक गंभीर घटना घडली. मॅट्रिकच्या वर्गातली पाच मुलं सहामाहीला भूमितीत पास झाली.

त्या मदरशात याआधी भूमितीत कोणीच पास झालं नव्हतं असं नाही. पण जो व्हायचा तो एकटा व्हायचा, गुपचूप व्हायचा. पाच जण एकदम म्हणजे तालीमखात्याच्या दृष्टीनं तो जमाव होता. सदर मुदर्रिसांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, या प्रकारात आपला काहीएक हात नसल्याचं तातडीनं लेखी कळवलं, आणि चौकशीला शिक्षणखात्याचे अंमलदार, मोहतमीम राधाकिशनसाहेब, जातीनं टांग्यातून आले.

चौकशीत आश्रुबाचं नाव निघालं. आश्रुबा तेलगावचा. नुकतं मिसरूड फुटलेलं, शिकायला बीडात आत्याकडे राहिलेला. आत्या म्हणजे तुळजाबाई. भाकरीच्या बदल्यात रोज दुपारी त्यांची म्हैस बिंदुसरा नदीवर न्यायची, धुवायची आणि आणायची, असा करार होता. म्हैस पाण्यात बसली की आश्रुबा काठावर बसे, आणि त्याच्याभोवती वर्गातले चार सोबती. मदरशात भूमिती उर्दूतून चाले, आणि मौलवीसाहेबांचं उर्दू इतकं देखणं होतं की पोरं वाहवा करण्याच्या नादात त्रिकोण विसरून जात. तोच त्रिकोण आश्रुबा ओल्या वाळूत काठीनं आखून घरच्या बोलीत सांगे.

सांगता सांगता म्हैस पलीकडच्या मळ्याकडे सरके. मग आश्रुबा वाक्य अर्धं टाकून "हैक! हैक!" करत धावत सुटे. तो परत येईपर्यंत इकडे चौघांचं कडाक्याचं भांडण होऊन सिद्धता पुरी झालेली असे.

या चौघांत मन्मथप्पा सगळ्यांत मठ्ठ. पोरगा दुकानदाराचा, हिशेबात पक्का, पण मॅट्रिकला दोनदा गोता खाल्लेला. युसूफ वडगावच्या अण्णारावांनी त्याला बजावलं होतं, "आधी मॅट्रिक हो, मंग मल्लम्माचं बोलू." त्यांच्या या लेकीला त्यानं एकदाच, कपिलधारच्या जत्रेत पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याला कुठलाच कोन धड मोजता येईना. ही त्याची शेवटची खेप होती. आश्रुबानं त्याला नदीच्या पाण्यात उभं राहून शब्द दिला होता, "मन्मथ्या, तुला पास करून न्हाई दावलं तर पुन्ना तोंड दावणार न्हाई."

चौकशीसाठी साहेब नदीवरच आले आणि वाळूत खुर्ची टाकून, छत्रीखाली बसून सगळं न्याहाळू लागले. खुर्चीचे पाय हळूहळू रुतत होते, तसे साहेबही गंभीर होत होते. आश्रुबा पळाला तसे ते ताठ झाले.

"हा मध्येच उठून का पळाला?"

"म्हैस मळ्यात चाललीती, साहेब," मन्मथप्पा म्हणाला.

"आणि तोवर तुम्ही काय केलंत?"

"आमी भांडलो."

साहेब कारकुनाकडे वळले. "लिहा. शिकवणारा मध्येच धावतो. म्हैस हजर असते. भांडण हा बेशिस्तीचा प्रकार आहे, तो वगळा."

महिना उलटायच्या आत गश्तीपत्रक निघालं. दर मदरशात हुशार मुलांमधून 'रहबर' नेमावेत, त्यांनी सोबत्यांना घोळक्यानं अभ्यासाला बसवावं, आणि या कामी म्हैस अनिवार्य समजावी. विनातरबियत, म्हणजे प्रशिक्षणाशिवाय, कोणी रहबरी करू नये. तरबियत कपिलधारला, कारण तिथं धबधबा आहे आणि म्हशीला पाणी लागतं. नमुन्याची म्हैस म्हणून तुळजाबाईंची म्हैस सरकारजमा करण्यात येत आहे.

म्हैस न्यायला शिपाई आले तेव्हा तुळजाबाई दारात आडव्या झाल्या. "म्हैस कावून नेता रे मुडद्यांनो? भूमिती हा करतोय, ह्याला न्या!"

"दोघांनाही न्यायचा हुकूम आहे, बाई."

कपिलधारला आश्रुबानं हात जोडले. "साहेब, मी तर आधीपासूनच शिकवतो. मला माघारी जाऊ द्या. मन्मथ्याचं मॅट्रिकचं इम्त्यान जवळ आलंय."

"सनद आहे?"

"न्हाई."

"मग तू शिकवत नाहीस," साहेब शांतपणे म्हणाले. "तू नुसता बोलतोस."

तरबियत रीतसर सुरू झाली. उस्तादांनी आयुष्यात कधी म्हैस राखली नव्हती आणि भूमितीलाही हात लावला नव्हता. दोन्ही बाजूंना कल नसलेला असा माणूस शोधायला खात्याला बरेच श्रम पडले होते. सकाळी ते धावण्याचं तत्त्व सांगत, दुपारी धावण्याचा सराव घेत. वाक्य कुठल्या शब्दावर तोडायचं, "हैक" किती ताणायचं, परतल्यावर किती धापा टाकायच्या, सगळं ठरलेलं होतं. म्हैस मात्र सरकारी मालमत्ता झाल्यामुळे हरवू नये म्हणून खुंट्याला दुहेरी दाव्यानं बांधली होती.

"बांधलेल्या म्हशीकडं कावून पळायचं?" आश्रुबानं विचारलं.

"सुटलेल्या म्हशीमागे कोणीही पळतो," उस्ताद म्हणाले. "त्याला तरबियत कशाला लागते?"

"आन् भूमिती कवा?"

"रहबराला भूमिती येणं धोक्याचं. येत असली की तो सांगत बसतो."

देवदर्शनाला आलेल्या बसम्मा नावाच्या म्हातारीनं हा प्रकार बघितला. धट्टीकट्टी पोरं ओरडत म्हशीपर्यंत पळतात, धापा टाकत परत येतात, हे नवसाशिवाय कोण करील? तिनं म्हशीला कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि गुडघे धरून स्वतःही एक फेरी पळून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावची बाकीची मंडळी आली. खात्यानं आपल्या अहवालात 'योजनेस रयतेचा उत्स्फूर्त पाठिंबा' असं नमूद केलं.

शेवटी कसोटी झाली. आश्रुबा समोरच्या पोरांना वर्तुळ सांगत होता. म्हैस खुंट्याला निवांत रवंथ करत होती. एक पोरगं म्हणालं, "आता समजलं!" आश्रुबा हरखून पुढं सांगत राहिला आणि पळायचं विसरला. निकालात शेरा आला : म्हशीकडे लक्ष अपुरे. नापास.

पहिला आला वीरभद्र. हाही नदीकाठच्या चौघांतलाच, मन्मथप्पाच्याच जातगोतातला, पण भूमितीचा मनापासून कंटाळा असलेला. त्यामुळे त्याचं चित्त कुठं गुंतलं नाही आणि पोरगा वाऱ्यासारखा पळाला. त्याला तबकाएवढ्या मोहरेची सनद मिळाली. आश्रुबाला ताकीद मिळाली, की इथून पुढं बिनसनदी समजावून सांगितल्यास मदरशातून नाव कमी होईल.

आश्रुबा बीडला आला तो मान खाली घालून. मन्मथप्पा नुसता वाळूत रेघोट्या ओढत बसला, त्याही वाकड्या.

पण खात्याच्या कारभाराची एक खुबी असते, तो पुरता बिघडला की आपोआप उपयोगी पडतो. सरकारी म्हैस नदीवर ठेवणं जोखमीचं, म्हणून ती बीडच्या तहशील कचेरीच्या आवारात बांधली होती, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. वीरभद्र काठावर यायचा, "समजा, अ ब क हा एक त्रिकोण..." एवढं म्हणायचा आणि नियमाप्रमाणे "हैक" करून तहशिलीकडे सुटायचा. तिथं चपराशाला तोंड दाखवून परत यायला त्याला दुपार पुरत नसे.

"दमानं पळ रे वीरभद्रा!" मन्मथप्पा मागून ओरडायचा. "घाई न्हाई कसली!"

तो दिसेनासा झाला की आश्रुबा काठी उचलायचा. एवढा वेळ त्याला आधी कधीच मिळाला नव्हता. राखायला म्हैसदेखील नव्हती. त्रिकोण संपले, वर्तुळं संपली, मन्मथप्पा भांडणात जिंकायला लागला.

संध्याकाळी वीरभद्र धापा टाकत यायचा. "झालं का बे?"

"झालं."

"काय झालं?"

"ते आमाला सांगता येत न्हाई बाबा. सनद तुज्याकडं हाय."

मॅट्रिकचा निकाल लागला. आश्रुबा पास, मन्मथप्पा पास, बाकीचे दोघे पास. वीरभद्र तेवढा नापास, कारण अभ्यासाच्या सगळ्या वेळी तो रस्त्यावर होता.

राधाकिशनसाहेब हार घेऊन आले. तो त्यांनी वीरभद्राच्या गळ्यात घातला. "चार जण पास करून हा स्वतः नापास झाला," ते सद्गदित होऊन म्हणाले. "सरकारी वेळातला एक क्षणही त्यानं स्वतःसाठी वापरला नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?"

आश्रुबा आणि मन्मथप्पा पेढे घेऊन युसूफ वडगावला गेले. अण्णारावांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला.

"पास झालास, लई झ्याक. पर कुणामुळं झालास?"

"ह्या आश्रुबामुळं, मामा."

"ह्याच्याजवळ सनद हाय?"

"न्हाई."

"मंग वीरभद्रामुळं झालास." अण्णारावांनी मिशा पुसल्या. "आता तूच सांग लेका, एक पोरगी हाय. जो पास होतो त्याला द्यावी, का जो चौघांना पास करतो त्याला?"

"मामा, तो सोता नापास हाय!"

"मोठी मान्सं सोताचं बघत न्हाईत."

मल्लम्माचं आणि वीरभद्राचं लग्न थाटात झालं. सनद मांडवाच्या मेढीला अशी टांगली होती की अक्षता टाकायला आलेला जो तो आधी तिच्यापुढं वाकायचा. पंगतीत मन्मथप्पा आश्रुबाला म्हणाला, "तू शब्द पाळलास गड्या." आश्रुबानं आपल्या पानातली बुंदी त्याच्या पानात सारली.

आता अण्णाराव कसा येडा होता म्हणून तुम्ही हसणार. खुशाल हसा. पण परवा तुमच्या पोराला गणित शिकवायला जो माणूस दारात आला, त्याचे कागद तुम्ही चष्मा लावून, उलटेपालटे करून बघितलेत. त्याला एखादं गणित घातलं होतंत का?