वारा कुनीकडचा?

तामोरेकाका कुठेही गेले की आधी बोट ओलं करून हवेत धरतात. बँकेत, लग्नात, दवाखान्यात, कुठेही. मग शेजारच्याला विचारतात, "वारा कुनीकडचा हाय?" शेजारचा बिचारा पासबुक भरून घ्यायला आलेला असतो, त्याला काय ठाऊक?

दोष काकांचा नाही. जन्म समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या होडीवाल्या घरातला, तिथे वारा बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. नोकरी तारापूरच्या केमिकल कारखान्यात. गॅस सुटला तर ओला रुमाल तोंडाला लावून वाऱ्याला आडवं पळायचं, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. सरावली गावात ते माझे शेजारी, आणि कारखान्यात आमची पाळीही एकच. माझ्या लग्नात होमाचा धूर नवरीकडे जातोय म्हणून त्यांनी भटजींना आमचे पाट फिरवून मांडायला सांगितलं. भटजी पूर्व सोडेनात, काका हट्ट सोडेनात. शेवटी नवरीच खोकत खोकत म्हणाली, काकांचं ऐका. तेव्हापासून बायको त्यांच्या पक्षात आहे.

तर अशा माणसाबरोबर मी पुण्याला गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली तिथे नर्सिंग शिकते आणि एका वाद्यवृंदात मागे उभी राहून कोरस गाते. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला एकटीला दोन ओळी मिळाल्या होत्या. काकी गेल्यापासून काकांना तीच काय ती. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत घेतलं.

बसमध्येच त्यांचा जीव खालीवर. गर्दी किती असेल, बाहेर पडायच्या वाटा किती, वायरिंग कोणी केलंय? ऐकून ऐकून मलाही धडधडायला लागलं. मैदानावर पोचल्याबरोबर बोट वर गेलं. पण शहर अनोळखी, चहूबाजूंनी इमारती, वारा धड एका बाजूने येईना. काका रडकुंडीला आले. आम्ही जागा बदलत राहिलो, मागचे लोक करवादायला लागले, तेव्हा कुठे वाटेला लागून बसलो. काकांनी खिशातून मोठा रुमाल काढला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि मांडीवर ठेवला. पॅन्ट ओली झाली. मी दुसरीकडे बघितलं.

निवेदकाने रूपालीचं नाव घेतलं. ती पुढे आली, आणि रंगमंचाच्या दोन्ही कडांनी भस्सकन पांढरा धूर सुटला. अशा कार्यक्रमांत हल्ली सोडतातच. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. घाबरू नका म्हणून सांगायला मी वळलो, तर काकांची खुर्ची रिकामी.

मला वाटलं, पळाले वाऱ्याला आडवे. बघतो तर काका सरळ धुराकडे निघालेले. ओला रुमाल स्वतःच्या तोंडाला न लावता हातात पुढे धरलेला, तिच्यासाठी. कठड्यापाशी रखवालदाराने त्यांना धरलं. "अंकल, नकली धुआँ है," तो समजावत होता. मीही मागून तेच सांगत होतो. काकांच्या कानात काही शिरत नव्हतं. "पोर हाय माजी तिथं," एवढंच ते म्हणत राहिले. धूर विरला तोवर रूपाली मागच्या रांगेत जाऊन उभी होती आणि टाळ्या पडत होत्या. ती धडधाकट दिसली तेव्हा काका तिथेच खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर ती धावतच आली. चेहरा नुसता फुललेला. "पप्पा, कसं झालं?"

फर्स्टक्लास झालं म्हणून टाकावं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. काकांना खोटं बोलता येत नाही.

"मी आयकला नाय," ते म्हणाले. "तू दिसत नवतीस."

काय घडलं ते मी सांगितलं. मैत्रिणींसमोर शोभा झाली म्हणून पोर चिडणार, अशी मला धास्ती होती. ती आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला. काकांचा हात धरून तिने त्यांना पार्किंगच्या कडेला नेलं आणि मोटारसायकलींच्या मधे उभी राहून, ना पेटी ना तबला, त्या दोन ओळी म्हटल्या.

काका चपलांकडे बघत ऐकत होते. गाणं संपलं तरी मान वर होईना. मला त्या क्षणी काकींची फार आठवण आली.

मग ते हळूच म्हणाले, "आजून एकदा म्हन."