तोंडी गळती

इस्पितळाचा संगणक फोडून चोरांनी रुग्णांची माहिती पळवली, त्याला फारसं डोकं लागलं नव्हतं. पासवर्ड पडद्यावरच चिकटवलेला होता, सर्वांच्या सोयीसाठी. चोर सापडले नाहीत, म्हणून सरकारने कायदा केला. रुग्णाची माहिती यापुढे फक्त संगणकातूनच द्यायची. तोंडाने सांगणारा गुन्हेगार. संगणक पुरावा म्हणून सीलबंद होता. पासवर्डची चिठ्ठीही तशीच होती, कारण पुराव्याला हात लावायचा नसतो.

अशा सुरक्षित वातावरणात ताई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. अपेंडिक्स फुटलेलं, शुद्ध हरपलेली. डॉक्टर इंजेक्शन भरत होते, त्या बाटलीवरचं नाव वाचून ताई पुढे धावली.

"डॉक्टर, थांबा! त्याला ते..."

"बाई, तोंड आवरा!" सायबर दक्षता अधिकारी उठले. हे गृहस्थ परवापर्यंत दारात पार्किंगच्या पावत्या फाडत. "रुग्णाची संमती आहे?"

"अहो, तो बेशुद्ध आहे!"

"मग शुद्धीवर आल्यावर देईल. ओटीपी त्याच्या मोबाइलवर येईल."

"मोबाइल तर तुम्हीच काढून घेतलात ना!"

"सुरक्षेसाठी," अधिकारी समाधानाने म्हणाले.

डॉक्टर भिंतीकडे बघत पुटपुटले, "ताई, अर्धं ऐकलं तर जामीन मिळतो. पूर्ण ऐकलं तर माझा परवाना जाईल." आणि त्यांनी न बघताच सुईसाठी धाकट्याचा दंड चाचपला.

लहानपणी याच औषधाने धाकट्याचा गळा सुजला होता, ओठ निळे पडले होते. ते सगळं ताईला आठवलं आणि कायदा गेला खड्ड्यात!

"त्याला पेनिसिलिन चालत नाही!" ती वॉर्ड दणाणून सोडत ओरडली. "मरेल तो!"

सुई थांबली. दुसरं औषध आलं, धाकटा वाचला. ताईला पोलीस घेऊन गेले. कायद्याखालची ही पहिली अटक. मंत्र्यांनी पेढे न वाटता नुसतंच अभिनंदन स्वीकारलं. ऐकणाऱ्या सगळ्या वॉर्डावरही चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला.

शुद्धीवर येताच धाकट्याने विचारलं, "ताई कुठंय?"

"नातेवाइकांची माहिती देता येत नाही," अधिकारी म्हणाले, आणि फिर्यादी म्हणून त्याचीच सही घेतली.

वाचकहो, धाकट्याला काय चालत नाही, हे एव्हाना तुम्हालाही कळलं आहे. चोर अजून सापडलेले नाहीत, तुम्ही मात्र सापडाल. कुणी विचारलंच तर सांगा, आम्ही भिंतीकडे बघत होतो. कुणालाही खोटं वाटणार नाही. तुमची सवय सगळ्यांना ठाऊक आहे.