खिल्लारेंची डबल बेल

डबल बेल झाल्याशिवाय खिल्लारे कंडक्टर जागचे हलत नाहीत. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी नाहीत. जेवायला बसले की चमच्याने पेल्यावर दोनदा टण टण, मग पहिला घास. पोट भरलं की एकदाच टण. त्यानंतर कुणी भाकरी वाढायला गेलं तर म्हणतात, "गाडी थांबली हाय." जवळा बाजार गावातल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामालाच "मधी उभं राहू नका, पुढं सरका" म्हणत स्टेजवरून खाली उतरवलं होतं.

हिंगोली डेपोत मी त्यांचा ड्रायव्हर. बावीस वर्षं त्यांनी बेल द्यायची आणि मी गाडी हलवायची.

परसाल नांदेडला त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, नुसतं पडून राहू नका, थोड्या थोड्या वेळाने चाला, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होतील. त्यांची मुलगी संगीता शाळेत शिकवते. दिवसा त्यांच्याजवळ मी बसायचं ठरलं. पहिल्याच सकाळी खिल्लारेंनी माझ्या हातात पेला आणि चमचा दिला.

"आता गाडी मी, कंडक्टर तुमी. बेल द्या, मंग हलतो."

मी बेल दिली नाही. पाठीवरचे ओले टाके मी पाहिले होते. नुकताच जोडलेला मणका रस्त्यावर काढायचा मला धीर होईना.

"डायवरसाहेब, टाइम झाला."

"रस्ता बंद हाय."

"काहून?"

"काम चालू हाय."

"बराबर," म्हणून ते पुन्हा आडवे. असे चार दिवस.

पाचव्या दिवशी डावी पोटरी सुजून दुधी भोपळ्याएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, गुठळी आहे, फुप्फुसात गेली असती तर माणूस हाती लागला नसता. संगीता कडाडली, "बाबा, चालायला काय झालं होतं?"

मी कोपऱ्यात. खिल्लारे म्हणाले, "माझाच आळस."

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ते बरे झाले, पण सगळ्या स्टँडवर खिल्लारे आळशी ठरले आणि मी गप्प राहिलो. ते आळशी नव्हते. चूक माझी होती. हे लेखी असू द्या.

गेल्या आठवड्यात त्यांना विचारलं, "तवा खोटं काहून बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर पोरीनं तुमाला दारात उभं केलं नसतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती शाळेत गेली की सांजेपर्यंत ह्या घरात दुसरं कोण येतं?"