गुप्ते वकिलांचं घडीचं स्टूल

बाबांना जामीन मंजूर झाला आणि तरीही ते तुरुंगातच राहिले. नावावर जमीन असलेला जामीनदार हवा होता. पनवेलजवळच्या कोन गावालगतच्या आमच्या कातकरी वाडीत झोपडीखालची जागासुद्धा कोणाच्या नावावर नाही. एका बांधकामावरून तांब्याची तार गेली, शोध आमच्या वाडीपाशी येऊन थांबला, आणि बाबांना उचललं. आई एकटी वीटभट्टीवर जाई. मी कॉलेजात होते. वाडीतून तिथवर गेलेली पहिलीच.

त्या दिवसांत कोर्टाच्या व्हरांड्यात गुप्ते वकील भेटले. काळा कोट, झिजलेल्या चपला, काखेत घडीचं स्टूल. आम्ही मायलेकी सवयीने भिंतीकडेला खाली बसलो होतो.

“उठा! फरशी पुसायला आलात?”

आई दचकली. “आमी खालीच बसतो, सायेब. आमाला काय वाटत नाय.”

“मला वाटतं!” त्यांनी स्टूल उघडून तिच्यापुढे आदळलं. आमचा खटला त्यांनी असाच घेतला.

पनवेलमध्ये त्यांना ‘स्टूलवाले’ म्हणत. भाजी घ्यायला निघाले तरी स्टूल काखेत. पोलीस ठाण्यात कोणी उकिडवा बसवलेला दिसला, की आधी त्याला स्टूल, मग हवालदाराशी भांडण.

हवालदार चिडवायचा, “वकीलसाहेब, पुढच्या वेळी सोफा आणा.”

“आणतो. एका बाजूने तुम्ही धरा.”

कोणी आरोपीला ‘ए’ म्हटलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, “अहो म्हणा. गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय.”

सुनावणीला बाबांना आणलं. गालफडं बसली होती. न्यायाधीशबाईंची परवानगी घेऊन गुप्त्यांनी स्टूल मांडलं. “वाघमारे, बसा.”

बाबा स्टुलावर चढले आणि वर जाऊन उकिडवे बसले.

सगळं कोर्ट हसलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. गुप्ते हसले नाहीत.

“मॅडम, यांना आजवर कोणी बसायला दिलेलं नाही. हे जामिनाला जमीन कुठून आणणार? जातमुचलक्यावर सोडा. स्वतःच्या सहीवर.”

सरकारी वकील म्हणाले, “याचा पत्ता भट्टीबरोबर बदलतो. पळून जाईल.”

“भट्टीवाल्याला कसे दरवर्षी बरोबर सापडतात?”

आता कोणी हसलं नाही. बाईंनी बाबांना जातमुचलक्यावर सोडलं.

सुटल्यावर आम्ही शेवळाच्या रानभाजीची जुडी घेऊन गुप्त्यांच्या घरी गेलो. एकटेच राहत. खिडकीशी खुर्ची होती. पाठीवर इस्त्री केलेला शर्ट. बाबा तिच्याकडे वळले.

“तिथे नको!”

सगळ्या पनवेलला बसवणारा हा माणूस बाबांना अडवत होता. मग आवाज उतरला.

“दादाची आहे. त्यालाही जामीन मिळाला होता. जामीनदार घरातच होता, आमचे वडील. लोक काय म्हणतील म्हणून गेले नाहीत. मी तेव्हा लहान. दादा आतच वारला.” शर्टाची कॉलर सरळ करत म्हणाले, “शर्ट मी न्यायचा होता. सुटताना घालायला.”

बाबांनी दाराशी टेकवलेलं स्टूल आणलं, खटपट करून उघडलं.

“तुमी बसा, सायेब.”

गुप्ते बसले. आई चुलीशी गेली आणि न विचारता चहा ठेवला.

पुढे बाबा निर्दोष सुटले. मी पदवी घेतली, मग वकिलीची सनद. आज आमच्या वाडीतला एकही माणूस केवळ जामीनदार नाही म्हणून तुरुंगात नाही.